पूर्वेचा वारा आणि आईची भोरडी

सप्टेंबर संपत आला की इकडे इंग्लंडच्या पूर्वेला, नॉर्फोकच्या किनाऱ्यावर काही ठरावीक माणसं दिवसातून दहा वेळा वाऱ्याचा नकाशा उघडून बघतात. इंग्लंडात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, तो ओला, कंटाळवाणा आणि पक्ष्यांच्या बाबतीत अगदीच कुचकामी. पण मधूनच तो तोंड फिरवतो, पूर्वेचा सुटतो, आणि त्यात बारीक पाऊस असला तर मग विचारूच नका. स्कॅन्डिनेव्हियातून रात्री दक्षिणेला निघालेले छोटे छोटे पक्षी समुद्रावर भरकटतात, वारा त्यांना पश्चिमेला ढकलत राहतो, पावसात भिजून दमतात आणि पहिली जमीन दिसेल तिथे अक्षरशः पडतात. ती पहिली जमीन बऱ्याचदा नॉर्फोकची असते. वेल्स (तो देश नव्हे, इथलं गाव) आणि होल्कमची पाइनची झाडी, ब्लेकनी पॉइंटवरची खुरटी झुडपं, क्लेच्या दलदलीकडेची कुंपणं, कुठेही. अशा दिवशी सकाळी ऑफिसात बरीच मंडळी "तब्येत बरी नाही" असं कळवतात आणि मग दुपारी एकमेकांना पाइनच्या झाडीत भेटतात, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही.

या सगळ्यांचा लाडका म्हणजे यलो-ब्राउड वॉर्बलर. वजन सहा-सात ग्रॅम, हिरवट अंग, डोळ्यावर पिवळी भुवई. जन्म सायबेरियात, थंडीत जायचं असतं आग्नेय आशियात, पण दरवर्षी काही पोरं भलत्याच दिशेला निघतात आणि चार-पाच हजार किलोमीटर उडून नॉर्फोकच्या एखाद्या सिकमोरच्या झाडावर किडे टिपत बसतात. ही वाट चुकलेली पोरं आहेत की यांनी थंडीसाठी नवीनच मुलूख धरलाय, यावर अभ्यासकांची अजून वादावादी चालू आहे, कारण पूर्वी क्वचित दिसणारा हा पक्षी आता दर शरदात ब्रिटनमध्ये शेकड्यांनी दिसतो.

मी नॉर्फोकमधल्या नॉर्विचला राहायला आले तेव्हा मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. पक्षी बघायची थोडी आवड होती, म्हणजे पुण्यात असताना उजनीला भिगवणला जाऊन फ्लेमिंगोचे फोटो काढलेले, तेवढंच. इथे आल्यावर एका ऑक्टोबरात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर किनाऱ्यावर गेले तर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यासमोर पन्नास-साठ माणसं अर्धवर्तुळ करून उभी, हिरवी जॅकेटं, तिकाटण्यांवर दुर्बिणी, हूं की चूं नाही. जाळ्यात काय आहे तर एक मातकट रंगाचा पक्षी. पट्टा नाही, ठिपका नाही, तुरा नाही. पंखाची टोकं शेपटीच्या मुळापासून किती बाहेर येतात, डोळ्यावरची फिकट रेघ चोचीकडे जाड होते का, यावर कुजबुजत चर्चा चाललेली. तेवढ्यात आतून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने परत टक्. आणि मला एकदम पुणं आठवलं, कारण हा आवाज मी पाच-सहा हिवाळे रोज ऐकलेला होता. सोसायटीच्या कुंपणात ऑक्टोबर ते एप्रिल हेच टक् टक् चालू असायचं आणि आम्ही कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ब्लाइथ्स रीड वॉर्बलर. आपल्याकडे याला वटवट्यांमध्ये धरतात. फिनलंडपासून सायबेरियापर्यंत घरटी करतो आणि थंडीत जवळजवळ सगळाच्या सगळा भारतीय उपखंडात येतो. म्हणजे पश्चिमेला वळणं हीच त्याच्याकडून अगदी क्वचित होणारी गोष्ट, आणि म्हणून ही गर्दी. मी शेजारच्या माणसाला हळूच सांगितलं की आमच्याकडे हा कुंपणात असतो, तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या परसात कोहिनूर पडलाय आणि मी त्यावर कपडे वाळत घालते.

दुर्मिळ पक्ष्यांमागे धावणाऱ्या या मंडळींना इथे ट्विचर म्हणतात. साधं पक्षीनिरीक्षण करणारे वेगळे आणि ट्विचर वेगळे, एकमेकांकडे बघून थोडं नाक मुरडतात दोघंही. आता सगळं मोबाइलवर येतं, अॅप वाजलं की पळायचं. पण क्लेमधली जुनी माणसं अजून नॅन्सीज कॅफेच्या गोष्टी सांगतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात क्ले गावात हा छोटा कॅफे होता, आणि देशात कुठे काय दिसलंय हे कळायची जागा म्हणजे तिथला फोन. कुठूनही कोणीही फोन करायचा, फोनजवळ जो बसला असेल तो बेक्ड बीन्स खाता खाता उचलायचा आणि वहीत लिहिलेलं वाचून दाखवायचा, आणि समोरच्याकडे काही नवीन असेल तर ते वहीत उतरवून घ्यायचा. ना पगार ना पद. त्याच काळातला सगळ्यात गाजलेला किस्सा १९८९ च्या फेब्रुवारीतला, केंटमधल्या मेडस्टोनजवळ टेस्को सुपरमार्केटच्या परिसरात गोल्डन-विंग्ड वॉर्बलर नावाचा अमेरिकन पक्षी सापडला आणि त्या शनिवारी हजारोंनी माणसं लोटली. शॉपिंगला आलेल्या बायकांनी ट्रॉल्या सोडून काय झालंय म्हणून विचारलं असणारच. हा पक्षी अटलांटिक ओलांडून तिथवर कसा पोचला हे देवच जाणे.

हाईडमध्ये शिरलं, म्हणजे लपून पक्षी बघायच्या लाकडी खोपटात, की पहिला प्रश्न ठरलेला, "एनिथिंग अबाउट?" आणि उत्तर पण बऱ्याचदा ठरलेलं, दहा मिनिटांपूर्वी आला असतात तर. ताडोब्यात समोरून येणारा जिप्सीवाला जसं "आत्ताच गेला वाघ" म्हणतो ना, डिट्टो तेच, तोच चेहरा, तीच हळहळ आणि त्या हळहळीखाली लपलेला तोच आनंद. मग थर्मासमधला चहा निघतो. ओळखपाळख नसताना कुणीतरी तुम्हाला त्याच्या भारी दुर्बिणीतून बघू देतं. एरवी शेजारी राहून वर्षभर हवामानापलीकडे न बोलणारी ही माणसं दलदलीकडेला उभी केली की इतकी मोकळी होतात की विश्वास बसत नाही. स्वतःच्या हृदयाच्या ऑपरेशनपासून मुलीच्या घटस्फोटापर्यंत सगळं मला हाईडमध्ये कळलेलं आहे, आणि नाव एकाचंही माहीत नाही.

मागे एका जूनमध्ये आई आली होती इकडे. आई मंगळवेढ्याची, काळ्या रानातली, मालदांडी ज्वारीवर वाढलेली. तिला लंडन दाखवून झालं, राजवाडा दाखवून झाला (बाहेरून बरा आहे म्हणाली), आणि मग एका शनिवारी किनाऱ्याकडे निघालो असताना वाटेतल्या एका गावात रस्त्याकडेला गाड्याच गाड्या. एका घराच्या मागच्या बागेत रोझी स्टार्लिंग आलाय असं कळलं. घरमालकांनी फाटक उघडं ठेवलेलं, कुठल्याशा धर्मादाय कामासाठी बादली ठेवलेली, त्यात नाणी टाकायची आणि बागेत जाऊन उभं राहायचं. आईला वाटलं कुणाकडे काही कार्य आहे. पदर नीट करून माझ्या मागे आली.

चेरीच्या झाडाखाली इथल्या काळ्या स्टार्लिंगांचा कलकलाट चाललेला आणि त्यात मधोमध हा. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, मानेवर लोंबती शेंडी. लोकांचे कॅमेरे खाड खाड खाड. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि मग चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, ही तर भोरडी."

मी म्हटलं हो.

"आन् एकटीच?"

"एकटीच. वाट चुकून आलीय."

"एका भोरडीला बघायला ही एवढी माणसं? पैसे देऊन?"

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना भाषा कळली नाही पण सूर कळला असावा, त्यांनी विचारलं तुमच्या आई काय म्हणतायत. मी सांगितलं की आमच्याकडे हे पक्षी थंडीत येतात, ज्वारीवर बसतात. त्यांचे डोळे चमकले. किती असतात? मी आईला विचारलं. "मोजतंय कोण? आभाळ काळं होतं म्हणावं. हुरडा भरला की पहाटेपासनं माळ्यावर उभं राहायचं, गोफण घ्यायची, हाळ्या द्यायच्या, तोंड कोरडं पडायचं माझं. जरा नजर चुकली की कणसं मोकळी." मी जमेल तसं इंग्रजी करून सांगितलं. गोफण सांगताना हातवारे करावे लागले. ते गृहस्थ काही क्षण गप्प राहिले आणि मग अतिशय अदबीने म्हणाले, तुमच्या आईंनी या पक्ष्यांना दगड मारलेत? मी म्हटलं, हजारो. त्यांनी टोपी काढून आईला नमस्कार केला, खरंच. नंतर गाडीत आई म्हणे, म्हातारा चांगला होता पण त्याला शेती नसणार.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. पण मला त्या दिवसापासून दुर्मिळ या प्रकाराबद्दल जरा वेगळंच वाटायला लागलं. भोरडीच्या अंगात दुर्मिळ असं काही नाही. ती मध्य आशियाच्या गवताळ रानात टोळ खाते, टोळांच्या मागे मागे काही उन्हाळ्यांत पश्चिमेला युरोपात घुसते, त्यातली एखादी नॉर्फोकच्या चेरीवर येते. तिच्या लेखी हे सगळं एकच रान आहे. (इथे "मी पण तशीच" वगैरे लिहायचा मोह होतोय, पण ते आवरते. मी व्हिसा काढून आले.)

टिचवेलची ती शेकाट्याची गोष्ट मला अनेकांनी सांगितलीय. टिचवेल हा इथला प्रसिद्ध पाणथळ भाग, पक्षी वाचवणाऱ्या आरएसपीबी या संस्थेचा, आणि तिथे १९९३ पासून २००५ पर्यंत एकच एक ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट राहिला. आपला शेकाट्या हो, लाल लांब काड्यांसारखे पाय, आपल्याकडे मुळा-मुठेच्या गटारपाण्यात सुद्धा डझनांनी उभा असतो तो. इथे हा एकटा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं सॅमी. लहान मुलं त्याला बघायला यायची, ती कॉलेजात गेली तरी हा आपला तिथेच. बारा वर्षं जोडीदार नाही, घरटं नाही, दक्षिणेला जायची ओढ नाही, काय मनात होतं त्याच्या कुणास ठाऊक. सांगणारे लोक हे हसत हसत सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही हसू आलं नाही, पण ते असो.

आणि उलटही होतं. बगळा घ्या. लहान पांढरा बगळा इंग्लंडात अगदी तुरळक यायचा, आला की बातमी व्हायची. १९९६ मध्ये डॉर्सेटमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिल्यांदा घरटं केलं, आणि आता कुठल्याही खाडीत बघा, उभाच. २००८ मध्ये गायबगळ्याने सॉमरसेटमध्ये घरटं केलं. २०१२ मध्ये तिथेच मोठा बगळा. हवा गरम होतेय, दलदली परत तयार केल्या जातायत, पूर्वी टोप्यांतल्या पिसांसाठी बगळ्यांची जी कत्तल व्हायची ती कधीच थांबलीय. त्या पिसांच्या विरोधातच तर आरएसपीबी उभी राहिली, १८८९ मध्ये, बायकांनी चालू केलेली संस्था. आपल्या मंगळवेढ्याच्या म्हशीवर बसणारं पाखरू बघायला जे लोक वीस वर्षांपूर्वी चार तास गाडी चालवायचे, ते आता त्याच्याकडे मान वळवून बघत नाहीत. पक्षी तोच, हौस गेली.

परत येण्याच्या गोष्टींत माझी सगळ्यात लाडकी ॲव्होसेटची, म्हणजे आपल्या उचाट्याची. वर वळलेली चोच, काळापांढरा, चिखलात चोच डावी-उजवी फिरवत चालतो. इंग्लंडातून हा पक्षी एकोणिसाव्या शतकात घरटी करायचा बंद झाला, दलदली शेतीसाठी सुकवल्या, वर अंडी गोळा करणारे आणि बंदुकवाले होतेच. मग दुसरं महायुद्ध. जर्मन फौजा उतरतील या भीतीने १९४० मध्ये सफोकच्या किनाऱ्यावर मिन्समियरच्या सखल कुरणांत मुद्दाम पाणी सोडलं. जर्मन आलेच नाहीत. पण पाणी राहिलं, चिखल झाला, पाणगवत वाढलं, आणि १९४७ मध्ये उचाट्यांनी मिन्समियरला आणि जवळच्या हॅव्हरगेट बेटावर घरटी केली. ज्या वर्षी यांचं राज्य आपल्याकडून गेलं त्याच वर्षी यांच्याकडे हा परत आला, यावर मी हाईडमध्ये एकदा विनोद केला होता, हसू फक्त एकालाच आलं. अंडीचोरांच्या भीतीने ही घरटी सुरुवातीला अगदी गुपित ठेवली होती. आज तोच पक्षी आरएसपीबीचं बोधचिन्ह आहे, आणि क्लेला वसंतात गेलात तर त्यांची भांडणं ऐकून कान किटतात.

पण खरं सांगू का, दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे धावायचा माझा ज्वर आता बराच उतरलाय. मला आवडतात ते वेळ पाळणारे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नॉर्विचच्या जुन्या गल्ल्यांवर स्विफ्ट येतात, किंचाळत, छपरांना घासून, आणि ऑगस्ट लागला की एका सकाळी नसतात. तीन महिने फक्त. घरटं सोडून उडालेलं पिल्लू दोन-तीन वर्षं खाली टेकत नाही, हवेतच खातं, हवेतच झोपतं. आणि कौलाखालच्या ज्या फटीत हे घरटं करतात ती फट आता घर गरम ठेवायच्या नादात बुजवली जाते, त्यामुळे २०२१ पासून स्विफ्ट इथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. चिमणी तर २००२ पासूनच आहे.

आणि नॉट नावाचे पक्षी. हे मात्र एकदा तरी बघावंच. स्नेटिशमला, वॉशच्या मोठ्या खाडीवर, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीला जायचं, भरतीचं वेळापत्रक आधी बघून, पहाटे अंधारात, कारण गाडी लावल्यावर बरंच चालायचं असतं. थंडी अशी की नाक आहे की नाही हात लावून बघावं लागतं. आधी समोर फक्त चिखल, मैलोन्मैल, त्याचा आंबूस वास. मग पाणी वर यायला लागतं आणि चिखलाचा एक पट्टा हलतोय असं वाटतं, तो चिखल नसतो, ते पक्षी असतात, ग्रीनलंड आणि कॅनडाच्या पार वरच्या टोकावरून आलेले, मूठभर आकाराचे, करडे, हजारोंनी पाण्यापुढे चालत मागे सरकणारे. शेवटी पाय ठेवायला जागा उरत नाही आणि सगळे एकदम उठतात. पन्नास हजार, कधी त्याच्याही वर. डोक्यावरून जातात तेव्हा ओरडण्याचा नाही, नुसत्या पंखांचा आवाज येतो आणि चेहऱ्यावर वारा लागतो. वळले की पांढरे, परत वळले की काळे. मग मागच्या बाजूला जुन्या खडीच्या खाणींची तळी आहेत तिथल्या बेटांवर उतरतात आणि इतके दाटीवाटीने बसतात की एकाला पंख खाजवायचा तर शेजारच्या चौघांना सरकावं लागतं. माझ्या नवऱ्याला पहाटे उठवणं महाकठीण, पण याच्यासाठी तो उठतो, कुरकुर न करता. तेवढ्यात त्या नॉटांवरून गुलाबी पायांचे हंस, पिंक-फूटेड गीझ, ओरडत रानाकडे निघतात, आइसलँडवरून आलेले, बीट काढून झालेल्या शेतांतला पाला खायला. शेतकरी तो पाला मुद्दाम राहू देतात, पक्षी त्यातच गुंतले की शेजारच्या गव्हावर जात नाहीत. हे मी आईला सांगितलं तर तिला हे एकदम पटलं. हुशार लोकं आहेत म्हणाली.

कोकिळेसारखाच परपुष्ट असलेला इथला कुकू तर सगळ्या इंग्रजांना आपला वाटतो. पहिला कुकू ऐकला की पेपरला पत्र पाठवायची यांची जुनी पद्धत. मग २०११ पासून बीटीओ या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने त्यांच्या पाठीवर छोटे सॅटेलाइट टॅग लावले आणि कळलं काय, तर एप्रिलच्या शेवटी आलेला नर जूनमध्येच निघतो, स्पेनवरून नाहीतर इटलीवरून सहारा ओलांडतो आणि कांगोच्या जंगलात जाऊन राहतो. इंग्लंडात जेमतेम दोन महिने. म्हणजे हा इंग्रजी पक्षी कांगोचा, उन्हाळी सुट्टीला इकडे येतो आणि दुसऱ्याच्या घरात अंडं टाकून जातो. हे ऐकून काही म्हाताऱ्यांचं मन दुखावलं म्हणे.

ज्याच्यासाठी मात्र मला वाईट वाटतं तो टर्टल डव्ह, इथला उन्हाळी होला. आफ्रिकेतून येतो, काटेरी कुंपणात बसून घुर्र घुर्र करत राहतो, तासन्‌तास. माझ्या वयाच्या लोकांच्या आईवडिलांना हा आवाज म्हणजे उन्हाळा. साठच्या दशकापासून आजपर्यंत इथल्या शंभरातले पंच्याण्णवच्या वर गेले. दूर वाटेवर शिकार होते हे खरं, पण घरी काय झालं तर त्याचं खाणं गेलं. हा शेतातल्या तणांचं बी खातो, आणि तणनाशकाने गव्हात तणच राहिलं नाही. कुणी मारलं नाही, हाकललं नाही, शेत स्वच्छ झालं एवढंच. आता काही शेतकरी मुद्दाम मोकळ्या जागेत बी पसरून ठेवतात, कुंपणं वाढू देतात, आणि जिथे तो अजून येतो तिथे ठिकाण कुणी मोठ्याने सांगत नाही. मी ऐकलाय, कुठे ते मीही सांगणार नाही. तिथे गर्दी नव्हती, बादली नव्हती. अॅपवर याची बातमी कोण कशाला टाकेल, हा काही वाट चुकून आलेला नाही, हा इथलाच.

गेल्या जानेवारीत आईला फोनवर विचारलं, भोरड्या आल्या का गं?

"आल्यात की. पर आता शिवारात ज्वारी हाय कुठं? पाणी आलंय तर सगळ्यांनी ऊस लावलाय. राखणीला माणूस मिळत नाही, म्हणून जो तो ज्वारी बंद करतोय. आपलीच तेवढी दीड एकर, तर सगळ्या गावाच्या भोरड्या आपल्याच रानात."

"मग कोण राखतंय?"

"तुझा भाऊ मोबाइल घेऊन बसतो माळ्यावर. कसली राखण. त्या म्हाताऱ्याला म्हणावं, लई हौस असंल तर ये इकडं महिनाभर, गोफण देते."